शेगडी खाली उतरवायची

सुरतेच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींचे फोटो काचेवर शेजारी शेजारी लावले. एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात. दोन्हीकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "इन दोनों में बड़ी कौन?" मी जीजीकडे बोट केलं. म्हटलं, सहा वर्षांनी. डॉक्टर म्हणाले, हाडं बघून तर वीस वर्षांनी मोठ्या वाटतात. मग कागदावर काहीतरी खरडत म्हणाले, "पहले इनका करवा लो. आपका बाद में भी चलेगा."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी चार वर्षं फिरते आहे. आधी तिचं करा, तुमचं नंतर झालं तरी चालेल. यात न समजण्यासारखं काय होतं? मी प्राथमिक शाळेतली बाई, उभा जन्म पोरांना आधी काय आणि नंतर काय हेच शिकवत आले. आणि तरी आमच्या घरात झालं ते उलटंच. आधी माझा गुडघा बदलला. जीजीचा राहिला, तो राहिलाच.

जीजी म्हणजे माझी जेठाणी, थोरली जाऊ. मी लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आले तेव्हा ती या घरात चांगली रुळलेली होती. तोंडावर मी तिला 'तुमी' म्हणते, मनात मात्र पहिल्या दिवसापासून 'तू'. सासूबाई लवकर गेल्या. मागे राहिले दोन भाऊ, एक शेत, एक स्वयंपाकघर आणि आम्ही दोघी. मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी होती, म्हणून कामाची वाटणी कोणी न करताच पडून गेली. उभ्यानं करायची कामं माझी, बसून करायची तिची. मी फळ्यासमोर उभी, नाहीतर एस.टी.त दांड्याला धरून उभी. ती शेतात निंदायला बसलेली, अंगणात भांडी घासायला बसलेली, मागच्या चुलीशी भाकरी थापायला बसलेली. हिवाळ्यात मिरची घरी आली की अंगणभर लाल ढीग पडायचा आणि जीजी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उकिडवी बसून देठ खुडायची. माझ्या नोकरीचं गावानं कौतुक केलं. तिच्या बसण्याचं कोणीच केलं नाही. मीही केलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

तिचे गुडघे कधी दुखायला लागले ते मला सांगता येणार नाही. माझ्या लक्षात आलं ते दाराच्या चौकटीमुळे. स्वयंपाकघराच्या चौकटीला कमरेच्या उंचीवर एक तेलकट काळा डाग पडला होता. मी पोतेऱ्यानं घासून काढला, महिन्याभरात परत आला. तो जीजीच्या हाताचा होता. तिथं धरून ती उठायची. मग मी बघू लागले, तर घरभर तिच्या हाताच्या अशा जागा होत्या. संडासात तिनं छताच्या कडीला बैलाचा जुना कासरा बांधून घेतला होता. तो धरून स्वतःला वर ओढायची. मी चिडले. म्हटलं, मला सांगायचं नाही का? तर म्हणाली, "तुले सांगीसन काय, तू मले उचलशी का?" आणि हसली. जीजीचं हे असं असतं. दुखणं सांगायची वेळ आली की थट्टा करायची.

माझाही उजवा गुडघा तोवर बोलायला लागला होता. उभं राहून राहून. जिना चढताना आतून करकर आवाज यायचा. मी मात्र पहिल्या दिवशीच घर डोक्यावर घेतलं. गोळ्या, मलम, पट्टा, गरम पाण्याची पिशवी, सगळं झालं. सुरतेला जायचं ठरवलं तेही मीच. जीजीला बरोबर ओढून नेलं, एवढीच काय ती माझी पुण्याई.

आमच्याकडे डॉक्टरच्या एका शब्दावर कोणी ऑपरेशनच्या टेबलावर चढत नाही. आधी ज्याचं झालंय त्याला बघून यायचं. बैल घेताना चालवून बघतात ना, अगदी तसं. खांडबाऱ्याला आमच्या नात्यातली एक बाई होती, दोन्ही गुडघे बदललेली. पुढच्याच रविवारी आम्ही दोघी गाडीनं खांडबाऱ्याला उतरलो. चहा होताच मी त्या बाईला म्हटलं, चालून दाखवा बरं. तीही हौशी. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, पाठमोरी चालली, दोन पायऱ्या चढली, उतरली. मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते.

जेवायला पानं वाढली. आम्ही सगळे खाली बसलो आणि त्या बाईंना प्लॅस्टिकची खुर्ची आणि पुढे स्टूल. जीजी घास हातात धरून त्या स्टुलाकडे बघत होती. दिवसभरात तिनं एकच प्रश्न विचारला.

"खाले बठता येस का?"

"नही वं माय. डॉक्टरनी नहीच सांगेल शे. खाले बठनं बंद, मांडी घालनं बंद. पन आते कोनले खाले बठनं शे? खुर्ची ली लेवानी."

जीजीनं हातातला घास तोंडात घातला. मला वाटलं, ही भ्यायली. जन्मभर जमिनीवर बसलेली बाई, खुर्चीवर जेवायचं म्हटल्यावर हिला संकोच वाटतोय. मी मनातल्या मनात तिला हसलेसुद्धा.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती म्हणाली, "धाकली, तू पयले करी ले."

"डॉक्टर काय बोलना, आयकं ना तुमी? पयले तुमनं."

"डॉक्टरले काय माहीत? तुन्ही दोन वरीस शाळा बाकी शे. आख्खा दिन उभं ऱ्हानं पडस तुले. मन्हं काय, मी ते घरमाच शे. सरकत सरकत बी काम व्हई जास." थोड्या वेळानं परत म्हणाली, "दोन्ही संगे खाटलावर पडनूत ते घरमा कोन देखी? तू उन्हायाना सुट्टीमा करी ले. मन्हं मंग देखसूत."

दोघींचं एकदम करता येणार नाही, हे खरंच होतं. ऑपरेशन झालेलीला दोन-तीन महिने दुसऱ्या बाईचा हात लागतो. माझी मुलगी तिच्या घरी, जीजीच्या मुलाचं लग्न व्हायचं होतं. तेव्हा एकीनं आधी आणि एकीनं नंतर, एवढंच ठरवायचं होतं. आणि ते ठरवताना मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. तिसऱ्यांदा मी खिडकीबाहेर बघितलं आणि मला बरं वाटलं. आतून, अगदी खरं बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात माझं ऑपरेशन झालं. चांगलं झालं, त्यात कसली कुरकूर नाही. घरी आले ती पलंगावर, आणि जीजी माझ्या पलंगाखाली. म्हणजे शब्दशः खाली, जमिनीवर. माझ्या पायाला बर्फ लावायचा, पट्टी सोडायची, परत बांधायची, टाचेखाली उशी सारायची, हे सगळं ती फरशीवर बसून करायची. दिवसातून किती वेळा ती बसली आणि किती वेळा माझ्या पलंगाची कड धरून उठली, देवाला ठाऊक. उठताना तोंडातून आवाज येऊ नये म्हणून ओठ दाबून धरायची. मला ते दिसायचं. मी डोळे मिटून घ्यायची.

व्यायामाच्या बाबतीत तर ती वैरीण झाली होती. मी दुखतंय म्हणून ओरडले की म्हणायची, "वाकाड, मास्तरीन, वाकाड! पोऱ्यास्ले छडी दाखाडस ना? आते मी तुले दाखाडसू." आणि खरंच लाटणं घेऊन बसायची. मी रडता रडता हसायची. शाळा उघडली तेव्हा मी काठीशिवाय चालत गेले. जीजी दारापर्यंत सोडायला आली. चौकट धरून उभी राहिली आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली.

मग श्रावण आला, आणि कानबाई आली.

खानदेशातल्या माणसाला कानबाई सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात नारळाची देवी बसवायची, तिला नथ घालायची, दागिने घालायचे, दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायची. मुंबई-पुण्याला गेलेली पोरंही त्या दिवशी गावी येतात, दिवाळीला न येणारी. आणि देवीचे रोट करायचे. गव्हाच्या पिठाचे जाड रोट, कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आमच्या भाऊबंदांची पाच घरं. कानबाई बसते ती थोरल्या घरी, म्हणजे आमच्याकडे. रोट करायचे ते थोरल्या घरच्या सुनांनीच. बाकीच्या घरच्या बायका पुरण वाटतील, भाजी चिरतील, गाणी म्हणतील, पण रोटाच्या पिठाला हात लावणार नाहीत. लेकींनाही चालत नाही, त्या परक्या घरच्या झाल्या. आणि आमच्या घरचा आणखी एक नेम होता. रोट बसून करायचे, एका बैठकीत. लाटायला बसलेली बाई शेवटचा रोट तव्यावरून उतरेपर्यंत उठणार नाही.

आता आमच्या घरात ओटा होता. मीच हट्ट करून बांधून घेतलेला, कडाप्पाचा. रोजची भाजी, डाळ, चहा उभ्यानंच व्हायचं. पण कानबाईच्या दिवशी सकाळी अंघोळ करून घरातला पुरुष गॅसची शेगडी ओट्यावरून खाली उतरवायचा. नळीसकट. जमीन सारवून, म्हणजे आता फरशी पुसून, तिथं शेगडी ठेवायची, समोर पाट मांडायचा आणि जीजीनं बसायचं. दरवर्षी हे व्हायचं. उतरवलेली शेगडी संध्याकाळी परत वर जायची. मी ते इतकी वर्षं बघितलं आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

तोवर जीजी लाटायची आणि मी शेजारी बसून भाजायची. पुढे कधीतरी तिच्या पाटावर मी बसायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. त्या वर्षी मला बसताच येईना. मी उभी राहून ताटं देत-घेत होते. लाटणं तिचं, भाजणं तिचं. सगळी सकाळ गेली. शेवटचा रोट उतरला, जीजीनं शेगडी बंद केली, देवीला हात जोडले आणि उठायला म्हणून जमिनीला हात टेकला. उठता येईना. परत टेकला. घर माणसांनी भरलेलं. माझे यजमान आणि थोरले, म्हणजे जीजीचे यजमान, दोघांनी दोन बगलांत हात घालून तिला उचललं. पाय तसेच मुडपलेले राहिले, सरळ होईनात. बायका गाणं म्हणायच्या थांबल्या. जीजी हसून म्हणाली, "कानबाई उठू दी नही ऱ्हायनी. सांगस, बठ आजून."

सगळे हसले. मी हातात रिकामं ताट घेऊन उभी होते.

संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावायला मी तिला माझ्या पलंगावर बसवलं, मी खुर्चीत. म्हटलं, "जीजी, आते बस. दिवाई व्हई का तुमनं करी टाकसूत."

ती म्हणाली, "मंग पुढला वरीसले रोटले कोन बठी?"

माझा हात थांबला. त्या क्षणी मला खांडबाऱ्याचं जेवण आठवलं, तो हातात धरलेला घास, ते स्टूल. खाले बठता येस का? ती स्वतःसाठी भ्यायली नव्हतीच. तिनं तिथल्या तिथे सगळं उमजून घेतलं होतं. थोरल्या घरच्या सुना दोन. ऑपरेशन झालेलीला खाली बसता येणार नाही. म्हणजे जी आधी करील ती पाटावरून सुटेल आणि दुसरी पाटाला जखडली जाईल, नवी सून घरात येईपर्यंत. दोघींपैकी एकीलाच सुटता येणार होतं. ती आधी गेली असती तर मी अडकले असते. म्हणून गाडीत खिडकीशी बसून तिनं मला म्हटलं, तू पयले करी ले. शाळा, दोन वर्षं, खाटलं, ही सगळी तिनं मला पटावीत म्हणून शोधलेली कारणं. आणि मला ती लगेच पटली.

मी भांडले. नाही असं नाही. स्वभावच माझा तसा आहे. थोरल्यांसमोर कधी आवाज न चढवणारी मी त्यांना म्हणाले, जीजीचं आत्ताच करू, रोटांचं बघता येईल. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "पोऱ्यानं लगीन व्हवू दे. सून ई, ती बठी. एक-दोन वरीसनी ते गोट शे." माझे यजमान मला आत बोलावून म्हणाले, कानबाईच्या कामात डोकं घालू नकोस. आणि मी गप्प बसले. त्यांच्या धाकानं गप्प बसले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी देवीला भ्यायले. माझी मुलगी लहानपणी काविळीनं हातची जायला आली होती, तेव्हा मी कानबाईला नवस बोलले होते, आणि मुलगी वाचली. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर धडा शिकवणारी मी, घरी त्या पाटाला घाबरत होते. नेम मोडायचा म्हणजे काय करायचं, हे सुद्धा मला सुचलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी यायच्या. एकतर जीजी खाली बसेल, नाहीतर रोट होणार नाहीत.

एक-दोन वर्षांची गोष्ट. मुलगा नाशिकला नोकरीला, मुलगी पसंत पडेना, पडली तर जमेना. दुसरी कानबाई आली, तिसरी आली. दोन्ही वेळा शेगडी खाली उतरली आणि जीजी बसली. दोन्ही वेळा तिला उचलावं लागलं, आणि आता त्यावर कोणी हसतही नव्हतं. तिचे पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वाकले. ती चालायची तेव्हा होडीसारखी डुलायची. मग चालणंच कमी झालं. घरात ती बसून सरकू लागली, एका हातानं फरशी मागे लोटत. मी तिच्यासमोरून तरातरा चालत जायची. आपल्या चांगल्या चालण्याची लाज वाटावी, असं कोणाला होत असेल का, मला माहीत नाही. मला होत होतं. ती सरकत असली की मी मुद्दाम हळू चालायची. तिनं ते ओळखलं. म्हणाली, "नीट चाल वं. तुन्हा पायवर मी लाटनं लिसन मेहनत करेल शे."

शेवटी तिसऱ्या कानबाईनंतर लग्न झालं. सून आली, नाशिकची, नोकरी करणारी, चांगली हसरी मुलगी. मांडव उतरला आणि मी आठवड्याच्या आत जीजीला सुरतेला नेलं. आता एक दिवसही थांबायचं नाही म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागले होते. तेच डॉक्टर. तिला बघून त्यांनी मला एकदाच विचारलं, "इतने दिन क्या कर रहे थे?" मी काय सांगणार होते? साहेब, शेगडी खाली उतरवत होतो?

ऑपरेशनच्या आधी सगळ्या तपासण्या होतात. हृदयाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, परत तपासलं, आणि मला एकटीला आत बोलावलं. हृदय फार कमजोर झालं आहे, म्हणाले. हे दोन-तीन वर्षांतलं दिसतंय. भूल झेपणार नाही. टेबलावरच काही झालं तर? त्यापेक्षा आहे तसं ठेवा, व्हीलचेअर घ्या, गोळ्या देतो.

बाहेर बाकावर जीजी बसली होती. नवीन लुगडं नेसून आली होती ती, ऑपरेशनला. मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तिनं नव्या लुगड्याचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "चांगलं व्हयनं. चिरफाड वाची गयी." आणि पिशवीतून केळं काढून मला दिलं, सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं म्हणून. मी ते केळं हातात धरून दवाखान्यात, सगळ्या लोकांसमोर, हमसून हमसून रडले. जीजी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. परतीच्या गाडीला खांडबारा स्टेशन आलं तेव्हा दोघीही बाहेर बघत होतो.

यंदाच्या श्रावणात सून पहिल्यांदा कानबाईला आली. तिला सगळं दाखवायचं काम माझ्याकडे होतं. जीजीची खाट आम्ही मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर ओढून ठेवली होती, तिला आतलं दिसावं म्हणून. मी पिठाच्या सव्वा सव्वा मुठी मोजून घेतल्या आणि शेगडी उतरवायला यजमानांना हाक मारली.

सून म्हणाली, "काकू, शेगडी खाली कशाला?"

"रोट बसून करायचे असतात गं. एका बैठकीत."

"मला खाली बसून लाटणं जमत नाही हो. पाठ धरते. इथेच करू ना ओट्यावर? काही होतं का?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. उद्धटपणे नव्हे. तिला वाटलं, साधी गोष्ट आहे. ओटा धुतला, शेगडी पेटवली, पोळपाट ठेवला आणि पहिला रोट लाटायला घेतला, उभ्यानं. मी दाराकडे बघितलं. दारात थोरले उभे होते, अंघोळ करून, हातात देवीचा नारळ. त्यांनी शेगडीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"जाड ठेवजो, बेटा," ते म्हणाले. "पातय व्हयनात ते तुटतस."

आणि देवघराकडे निघून गेले. बस, एवढंच झालं. दुसरं काहीही झालं नाही. रोट तुटले नाहीत, करपले नाहीत. भाऊबंदांच्या बायका पुरण वाटत होत्या त्या वाटत राहिल्या, एकीनं फक्त म्हटलं की ओट्यावर बरं उजेडात दिसतं. सासूबाईंच्या वेळी ओटाच नव्हता. चूल जमिनीवर होती, म्हणून त्या बसल्या. त्या बसल्या म्हणून आम्ही बसलो. याच्यामागे एवढंच होतं, आणि ते मला सुनेचे पीठ लागलेले हात बघताना कळलं.

जीजीकडे बघायचा मला धीर होत नव्हता. मी ओट्याशी उभी राहून रोट उलटत होते, एक, दुसरा, तिसरा. मागून हाक आली.

"धाकली."

मी वळले. ती उशीला टेकून बसली होती. पांघरुणाखाली ते दोन वाकडे पाय. ती ओट्याकडे बघत होती, पेटलेल्या शेगडीकडे.

"आसं बी चाली जातं व्हतं का वं?" तिनं विचारलं.

आवाजात राग नव्हता. दूध आलं का, असं विचारावं तसं तिनं विचारलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं ऐकल्या असत्या. मी हातातलं उलथणं सुनेला दिलं आणि तिच्या खाटेपाशी गेले. मला तिथं खाली, फरशीवर बसायचं होतं, ती माझ्या पलंगाशी बसायची तशी, आणि तिच्या त्या पायांवर डोकं ठेवायचं होतं.

मला खाली बसता येत नाही. मी तिच्यासमोर उभीच राहिले.